बंब बिघडतो त्या दिवशी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, की घरांचं विद्युतीकरण म्हणजे वाड्या-वस्त्यांवर खांब टाकणं, मग त्यात कॅलिफोर्निया कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ जिथे वीज नव्हती तिथे वीज नेणं असा आहे. तिकडे वीज प्रत्येक घरात आहेच, शिवाय रस्त्याखालून गॅसची पाइपलाइनही आहे. थंडीत घर गरम ठेवणं, आंघोळीचं पाणी तापवणं आणि स्वयंपाक ही कामं बऱ्याच घरांत गॅसवर चालतात. ती गॅसवरून काढून विजेवर आणायची, आणि छपरातून, खिडक्यांच्या फटींतून वाया जाणारी ऊब अडवायची, याला ते घराचं विद्युतीकरण म्हणतात. इकडे आपण चुलीकडून सिलिंडरकडे आलो याचं समाधान मानतो आणि तिकडे ते घरातला गॅस बाहेर काढायला निघालेत. यात विसंगती काही नाही. चुलीच्या धुरापेक्षा गॅस बराच बरा, आणि वीज स्वच्छ होत गेली तर ती गॅसपेक्षाही बरी. एकाच जिन्याच्या या दोन पायऱ्या आहेत.

आमच्या अभ्यासगटात आम्ही चौघं गेले काही महिने बर्कली या शहराचे कायदे, ठराव आणि निकाल वाचत होतो. सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं, सान फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडचं हे विद्यापीठाचं गाव. हेच का निवडलं, तर या विषयात नगरपालिकेला जे जे सुचू शकतं त्यातलं बहुतेक या गावानं करून पाहिलंय, आणि बरंचसं इतरांच्या आधी. त्यामुळे एकाच ठिकाणी सगळे प्रयोग तपासायला मिळतात. आम्ही जे बोलणार आहोत ते बरंचसं टीकेचं आहे. पण ही टीका प्रयत्न करणाऱ्या गावावर आहे, हात बांधून बसलेल्या गावांवर टीका करण्यासारखं काही सापडतच नाही.

सुरुवात सगळ्यांत गाजलेल्या गोष्टीपासून करू. जुलै २०१९ मध्ये बर्कलीच्या नगरपरिषदेनं नव्या इमारतींना गॅसची जोडणी देण्यावर बंदी घातली. नगरसेविका केट हॅरिसन यांनी आणलेला हा ठराव अमेरिकेतला अशा प्रकारचा पहिला. जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. पाठोपाठ कॅलिफोर्नियातल्या डझनावारी गावांनी तसेच ठराव केले, आणि उलट बाजूनं वीसहून अधिक राज्यांनी ‘आमच्या हद्दीत कुठल्याही गावाला असं करता येणार नाही’ असे कायदे करून टाकले. हॉटेलवाल्यांची राज्य संघटना कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, ज्वाळेवरचा स्वयंपाक गेला तर आमचा धंदा गेला.

बर्कलीनं एक शक्कल लढवली होती. उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम करण्याचा अधिकार १९७५ च्या केंद्रीय कायद्यानं केंद्राकडे ठेवलाय, गावांना त्यात हात घालता येत नाही. म्हणून गावानं शेगडीला किंवा बंबाला हातच लावला नाही, फक्त पाइपला लावला. आम्ही उपकरणावर बोलत नाही, जमिनीखालच्या नळीवर बोलतोय, असा तो युक्तिवाद. खालच्या कोर्टात तो चालला. एप्रिल २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं तो फेटाळला. नळी तोडल्यावर उपकरणाचा वापर आपोआप शून्य होतो, मग हा उपकरणावरचाच निर्बंध झाला, असं साधारण त्या निकालाचं तर्कशास्त्र. फेरसुनावणीची मागणी जानेवारी २०२४ मध्ये नाकारली गेली आणि त्या वसंतात गावानं बंदी मागे घ्यायचं कबूल केलं.

या खटल्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. आमचा आक्षेप कायद्याच्या बाजूचा नाहीच. बंदी टिकली असती तरी काय झालं असतं, असं आम्ही विचारतो. बर्कली हे भरलेलं गाव आहे. तिथली पुष्कळ घरं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, लाकडी, आणि ती आणखी पन्नास वर्षं उभी राहणार आहेत. नव्या घरांची संख्या त्यापुढे किरकोळ. म्हणजे चार-पाच वर्षं वाद, वकील, वर्तमानपत्रं, सगळं नव्या घरांवर खर्ची पडलं, आणि गॅस जळत राहिला जुन्या घरांत. त्यातही गाजली ती शेगडी. वास्तविक घरातल्या गॅसचा मोठा हिस्सा जातो खोल्या गरम करण्यात आणि पाणी तापवण्यात. स्वयंपाकाचा वाटा अगदी थोडा. पण माणसाचं प्रेम शेगडीवर असतं. तळघरातल्या बंबासाठी कोण रस्त्यावर उतरतो? विरोधकांनी हे बरोबर हेरलं, आणि ठरावाच्या बाजूचे लोकही शेगडीवरच भांडत राहिले. नव्या घरासाठी नियम करणं सोपं असतं, कारण नव्या घराचा नकाशा मंजुरीसाठी नगरपालिकेच्या टेबलावरच आलेला असतो. आपल्याकडे केंद्रानं २०१८ मध्ये काढलेली इको-निवास संहिता घ्या, तीही नव्या निवासी इमारतींसाठीच आहे. जुन्या घराचा नकाशा टेबलावर येत नाही. ते घर आपल्या जागी उभं असतं, त्यात माणसं राहत असतात, आणि त्यांनी नगरपालिकेला बोलावलेलं नसतं.

इथून आमचा खरा मुद्दा सुरू होतो. जुन्या घराच्या दारात नगरपालिका उभी राहू शकते अशा वेळा फार थोड्या. घर विकलं जातं तेव्हा नोंदणी आणि कर यांच्या निमित्तानं. घरमालक काही मोठं काम काढतो तेव्हा परवान्याच्या निमित्तानं. दरवर्षी घरपट्टीच्या निमित्तानं. आणि घरातलं काही मोडतं तेव्हा, पण त्या वेळी नगरपालिका हजर नसते, प्लंबर हजर असतो. बर्कलीचे आणि शेजारच्या गावांचे सगळे प्रयोग म्हणजे यांतली एखादी वेळ साधण्याची धडपड, असं पाहिलं की त्यांचं मोजमाप नीट करता येतं.

विक्रीच्या वेळेचा प्रयोग जुना आहे. ऐंशीच्या दशकात बर्कलीनं नियम केला की घर विकायचं असेल तर काही ठरावीक कामं करून द्या: माळ्यावर उष्णता अडवणारा थर, दारांच्या फटींना पट्ट्या, बंबाला वेष्टण, कमी पाणी सोडणारा शॉवर. खर्चाला मर्यादा घातलेली होती. साधी, कंटाळवाणी, पण प्रत्यक्ष होणारी कामं. २०१५ मध्ये हा नियम काढून नवा आणला. त्यात विक्रेत्यानं घराची ऊर्जा-तपासणी करून घ्यायची आणि अहवाल खरेदीदाराला द्यायचा. कामाच्या जागी कागद आला. विचार असा, की माहिती मिळाली की माणूस शहाणपणानं वागेल. आता विचार करा, बर्कलीत घर घेणारा माणूस त्या आठवड्यात कुठल्या अवस्थेत असतो. त्यानं दहा लाख डॉलरच्या वर कर्जाचा डोंगर उचललेला असतो, समोर शेकडो पानांचे खुलासे असतात, वाळवीचा अहवाल, छपराचा अहवाल, गटाराच्या पाइपचा अहवाल. त्या ढिगात हा आणखी एक. जुना नियम किरकोळ होता हे मान्य, पण त्यातून निदान माळ्यावर काहीतरी पसरलं जात होतं.

गंमत म्हणजे विक्रीची वेळ कशी साधावी याचं उत्तम उदाहरण याच गावात आहे, फक्त दुसऱ्या खात्यात. हे गाव भूकंपाच्या भेगेवर वसलंय. घर घेताना गावाला जो हस्तांतर कर द्यावा लागतो, त्याच्या मूळ दीड टक्क्यातला तिसरा हिस्सा, भूकंपरोधक काम करून घेतलं तर परत मिळतो. नव्वदच्या दशकापासून हे चालू आहे. यात खरेदीदाराला दिसतं ते असं: पैसे मी भरलेतच, काम केलं तर परत येतील, नाही केलं तर गेले. हजारो घरांचे पाये याच आमिषानं आवळले गेले. अहवाल वाचून कोणी पाया आवळायला गेला नसता.

आता घरपट्टी. इथे थोडं थांबावं लागेल, कारण या कथेत माणसांची घरं धोक्यात आली.

२००७-०८ च्या सुमारास बर्कलीच्या महापौर कार्यालयात एक कल्पना निघाली. सौर पॅनेल, नवी खिडकी, चांगला हीटर यांचा खर्च एकदम येतो आणि बचत वीस वर्षं थोडी थोडी होत राहते. मग गावानं पैसे उभे करावेत आणि घरमालकानं ते घरपट्टीच्या बिलातून वीस वर्षांत फेडावेत. घर विकलं तर उरलेले हप्ते नव्या मालकाकडे, कारण कर्ज माणसावर नसून घरावर. पहिल्या फेरीच्या जागा काही मिनिटांत भरल्या, प्रत्यक्षात मात्र साधारण डझनभर घरांनीच ती पूर्ण केली. तरी कल्पना देशभर पसरली. पेस या संक्षिप्त नावानं ती ओळखली जाते.

कल्पना ऐकायला फार सुंदर आहे, आम्हालाही प्रथम वाचताना तशीच वाटली. पण सातबाऱ्यावर बोजा चढतो म्हणजे काय हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. घरपट्टीची थकबाकी ही घरावरचा पहिला बोजा असते, बँकेच्या गृहकर्जाच्याही आधीचा. त्यामुळे जुलै २०१० मध्ये गृहकर्जांच्या केंद्रीय नियामकानं या योजनेला हरकत घेतली आणि बहुतेक ठिकाणी ती थंडावली. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियात खासगी कंपन्यांनी ती पुन्हा उभी केली. आता पैसे कंपनीचे, वसुली मात्र सरकारी घरपट्टीतून. दारोदार फिरणारे कंत्राटदार टॅब्लेटवर बोटानं सही घेत. अनेकांना ही सरकारी योजना आहे असंच सांगितलं गेलं. म्हातारी माणसं, इंग्रजी नीट न येणारी माणसं, पेन्शनवर जगणारी माणसं यात सापडली. वर्षाच्या शेवटी घरपट्टीचं बिल हजारो डॉलरनं फुगून आलं तेव्हा त्यांना कळलं की आपण काय केलं. कर्ज घेणाऱ्याची फेडीची ऐपत तपासण्याचं बंधन राज्याच्या कायद्यानं घातलं ते २०१८ मध्ये, म्हणजे योजना जोरात असताना कित्येक वर्षं ते नव्हतंच. लॉस एंजेलिस कौंटीनं मे २०२० मध्ये आपला कार्यक्रम बंद केला, ग्राहकांना पुरेसं संरक्षण देता येत नाही असं सांगून. या धंद्यातली सगळ्यांत मोठी कंपनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली.

यावर नेहमीची टीका अशी होते, की खासगी कंपन्यांच्या लोभानं चांगल्या योजनेचं वाटोळं केलं. आम्हाला ही टीका अपुरी वाटते. स्थानिक सरकारकडे असलेली सगळ्यांत धारदार वस्तू म्हणजे कर न भरणाऱ्याचं घर विकण्याचा अधिकार. ती वस्तू त्यांनी उसनी दिली, आणि त्यासोबत जे जायला हवं होतं ते दिलं नाही: घरात जाऊन पाहणारा माणूस. या घराला नेमकं काय हवंय, बसवलेलं नीट बसलंय का, हप्ता झेपेल का, हे पाहणारं कोणीच मधे नव्हतं. कंत्राटदार विकणार, कंपनी पैसे देणार, कौंटी वसूल करणार. घराच्या बाजूनं बोलणारा कोणी नाही.

मग उरते ती मोडण्याची वेळ. आता बंबाविषयी. आपल्या डोळ्यांसमोर तांब्याचा, लाकडं घालायचा बंब येतो. त्यांचा बंब म्हणजे गॅरेजात किंवा तळघरात उभी असलेली चाळीस-पन्नास गॅलनची टाकी, सुमारे दीड-दोनशे लिटरची, खाली गॅसचा बर्नर. दहा-पंधरा वर्षं ती निमूट चालते, कोणी तिच्याकडे बघत नाही. मग एका सकाळी जमिनीवर पाणी दिसतं. घरात लहान मूल, कामावर जायचंय, गरम पाणी नाही. घरमालक प्लंबरला फोन लावतो. प्लंबरच्या गाडीत गॅसचीच टाकी असते. जुनी काढायची, नवी ठेवायची, संध्याकाळपर्यंत काम खलास. त्या एका दिवसात पुढच्या पंधरा वर्षांचा निर्णय होऊन जातो. खरं तर तो निर्णय घेतलाच जात नाही, गाडीत जे आहे ते बसतं.

गॅसऐवजी बसवायचा तो हीट पंप. फ्रिजच्या मागे हात धरला तर गरम हवा लागते ना? आतली उष्णता काढून तो बाहेर टाकत असतो. हीट पंप हेच काम उलट हेतूनं करतो, भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात घालतो. उष्णता निर्माण करण्यापेक्षा हलवायला कमी ऊर्जा लागते, म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळते. यंत्र उत्तम आहे. पण ते आकारानं मोठं, त्याला हवा खेळायला जागा लागते, पाणी ठिबकायला वाट लागते, आणि बहुतेक मॉडेलांना स्वतंत्र २४० व्होल्टची तार लागते. जुन्या घराचा मेन बोर्ड शंभर अँपिअरचा, कधी त्याहून लहान. प्लंबर म्हणतो आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. इलेक्ट्रिशियन म्हणतो बोर्ड बदला. बोर्ड बदलायला वीज कंपनीची परवानगी, हजारो डॉलर आणि कधी कधी कित्येक महिने. तेवढे दिवस थंड पाण्यानं आंघोळ कोण करणार! साध्या सॉकेटवर चालणारे हीट पंप आता निघालेत, भार वाटून देणारी छोटी उपकरणंही आहेत, बऱ्याच घरांत बोर्ड न बदलता भागतं. पण हे घरमालकाला त्या सकाळी सांगणार कोण?

पालो आल्टो या शेजारच्या श्रीमंत गावानं याचं उत्तर शोधायचा प्रयत्न केला, आणि आम्ही वाचलेल्या सगळ्यांत तो आम्हाला जास्त भावला. या गावाची वीज आणि गॅस दोन्ही गावाच्याच मालकीचे आहेत. २०२३ मध्ये त्यांनी असं केलं: गावानं ठेकेदार ठरवला, तो येऊन घर बघणार, परवाना काढणार, जुनी टाकी नेणार, नवा हीट पंप बसवणार. सुरुवातीचा ठरीव दर २,३०० डॉलर, किंवा १,५०० आधी आणि पुढे पाच वर्षं बिलात दरमहा २० डॉलर. घरमालकानं फक्त दार उघडायचं. पहिल्या वर्षात एक हजार घरांचं उद्दिष्ट होतं, ते गाठता आलं नाही. काहींनी यावरून त्याला अपयश म्हटलं. आमचं मत वेगळं आहे. उद्दिष्ट हुकलं याचं एक कारण, चालू असलेला बंब काढायला माणूस तयार होत नाही. पण घर बघायला माणूस पाठवण्याची जबाबदारी गावानं स्वतःच्या अंगावर घेतली, हे इथे पहिल्यांदा दिसतं. अर्थात ज्या गावाची स्वतःची वीज कंपनी आहे त्याला हे परवडतं. बर्कलीत वीज आणि गॅस घरोघरी पोहोचवणारी कंपनी खासगी आहे, तिचे दर राज्याचा आयोग ठरवतो, आणि ते देशातल्या चढ्या दरांत मोडतात. तेवढ्याच ऊर्जेसाठी वीज गॅसच्या कित्येक पट महाग. म्हणजे यंत्रानं तिपटीनं वाचवलं तरी बिलात ती बचत दिसेलच असं नाही, काही घरांचं बिल वाढतंही. प्रचारपत्रकांत हे लहान अक्षरांत असतं. ते मोठ्या अक्षरांत असायला हवं.

मधे एक गोष्ट सांगून टाकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये बर्कलीच्या मतदारांपुढे मोठ्या इमारतींच्या गॅसवापरावर कर लावून जुन्या इमारतींच्या कामासाठी पैसा उभा करायचा प्रस्ताव होता. तो पडला. अमेरिकेतल्या सगळ्यांत डाव्या विचारांच्या गावांपैकी एकात पडला, हे लक्षात ठेवावं.

मोडण्याची वेळ कायद्यानं साधली ती गावानं नाही, नऊ कौंट्यांच्या हवा गुणवत्ता मंडळानं. मार्च २०२३ मध्ये त्यांनी नियम केला, की १ जानेवारी २०२७ पासून नायट्रोजन ऑक्साइड सोडणारा घरगुती बंब या भागात नवा विकता-बसवता येणार नाही. घर गरम करणाऱ्या भट्ट्यांना तीच अट २०२९ पासून. चालू यंत्राला धक्का नाही. शेगडीचं नावही नाही. कारण दिलंय हवेच्या प्रदूषणाचं, जे मंडळाचं जुनंच अधिकारक्षेत्र आहे. बर्कलीच्या ठरावाला जे शहाणपण सुचलं नाही ते इथे दिसतं: भांडण शेगडीवर जाऊ द्यायचं नाही, आणि नियम घरमालकापेक्षा दुकानावर आणि प्लंबरच्या गाडीवर लावायचा. दक्षिणेकडच्या मंडळानं जून २०२५ मध्ये यापेक्षा पुष्कळ मवाळ प्रस्तावही सात विरुद्ध पाच मतांनी नाकारला, यावरून हे किती निसरडं आहे ते कळेल.

तरी आमची काळजी याच नियमाबद्दल सगळ्यांत जास्त आहे, कारण तो परिणामकारक आहे. बर्कलीत निम्म्याहून अधिक घरांत भाडेकरू राहतात. बंब मालक घेतो, बिल भाडेकरू भरतो. मालकानं सगळ्यांत स्वस्त मार्ग धरला, म्हणजे हीट पंपाऐवजी साधा कॉइलचा गीझर बसवला, तर नियम पाळला जाईल आणि भाडेकरूचं बिल भडकेल. आपल्याकडे पागडीच्या इमारतीत राहिलेल्यांना मालकाचं हे गणित समजावून सांगायला नको. मग ज्यांनी कधी गॅसबंदीवर मत दिलं नाही, ज्यांना पालो आल्टोसारखा ठेकेदार कोणी पाठवत नाही, त्यांच्यावर हा खर्च पडणार. नियम हवा मंडळाचा, पण तो पडायला नको असेल तर गावांनी आत्ताच गल्लोगल्ली जाऊन कुठल्या घरात किती अँपिअरचा बोर्ड आहे, बंब किती जुना आहे, राहणारा मालक की भाडेकरू, याची यादी करायला हवी. आम्ही चाळलेल्या धोरणपत्रांत उद्दिष्टांची वर्षं पुष्कळ सापडली, अशी यादी एकातही नाही.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, की पुण्याशी याचा काय संबंध. थेट संबंध थोडाच आहे, आपल्याला घर गरम करायचं नसतं. पण पुणे महापालिका सौर बंबासाठी घरपट्टीत सूट देते, आणि नव्या मोठ्या इमारतींच्या गच्चीवर बांधकाम नियमांमुळे सौर बंब बसतातच. घरपट्टीची वेळ आणि नकाशा मंजुरीची वेळ, दोन्ही आपणही साधल्यात. आज घरी गेल्यावर आपापल्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन बघा, दहा वर्षांपूर्वी बसवलेल्या काचेच्या किती नळ्या शाबूत आहेत, किती टाक्यांचा नळ कायमचा बंद केलाय, आणि त्याच घरांत आत किती विजेचे गीझर लागलेत. पुढच्या महिन्यात इथेच जमू तेव्हा आकडे घेऊन या. आम्ही आमच्या चार इमारतींचे आणतो.